बेसिनमधल्या कवळ्या

माझ्या मामाला सगळे बत्तीशीमामा म्हणत. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि मामा घरातल्या पुढच्या खोलीत बसून कवळ्या बनवायचा. साठी उलटली तरी त्याचे स्वतःचे दात शाबूत, गाल भरलेले. लोक त्याला पन्नाशीचा समजत आणि तो समजू देई. त्याचं गुपित तो न विचारता सांगायचा. ब्रश मऊ घ्या, हिरड्या खरवडू नका, खाल्लं की चूळ भरा, आणि काही झालं तरी रात्री दात घासल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकू नका. "दात गेले की गाल बसतात आणि गाल बसले की माणूस म्हातारं झालंच," हे त्याचं वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मामी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. चाळिशीतच तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग दात हलायला लागले आणि बघता बघता तोंडाचं बोळकं झालं. हसू आलं की हात आधी तोंडावर. मामा तिला कवळी करून देणारच होता, पण गिऱ्हाइकांची कामं आधी. घरचं काय, कधीही होईल. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

एकदा एक नवे गृहस्थ कवळी न्यायला आले. मामीने त्यांना पाणी दिलं. जाताना ते कौतुकाने मामाला म्हणाले, "तुमच्या आई या वयातही किती काम करतात हो."

मामाने सांगितलं, ही माझी बायको. गृहस्थ ओशाळून गेले. मामी तोंडावर हात ठेवून हसली आणि आत आली. मी आतच होते. ती ओट्याकडे तोंड करून नुसती उभी राहिली. मला मामाचा भयंकर राग आला.

त्यात मामा आत येऊन तिलाच म्हणाला, "जगाला सांगतो मी, आणि तू मात्र रात्री कधी दात घासले नाहीस."

"बेसिनमध्ये तुमच्या कवळ्या असायच्या," मामी म्हणाली.

त्या दोन खोल्यांत नळ एकच, बेसिनवरचा. मामी भांडी आटोपून अंथरुणं घालायला गेली की मामा स्वतःचे दात घासायचा आणि नव्या कवळ्यांचे वाडगे रात्रभर भिजायला बेसिनमध्ये मांडायचा. लग्नानंतर लवकरच तिच्या धक्क्याने त्यातली एक कवळी फुटली होती. तेव्हा मामा असा कडाडला की त्यानंतर तिने रात्री बेसिनला हातच लावला नाही. सकाळी घासू, म्हणायची आणि झोपायची. मामाला तो प्रसंग आठवतही नव्हता.

त्याने सगळी कामं बाजूला ठेवून आधी मामीची कवळी केली. पण जबडा झिजलेला, ती नीट बसेना. ती कवळी दिली त्या रात्री मी तिथेच राहिले होते. मामाने वाडगे आपल्या कामाच्या टेबलावर हलवले, बेसिन घासून लख्ख केलं आणि कडेला एक नवा मऊ ब्रश ठेवून मामीला हाक मारली.

मामी आली. कवळी काढून तिने हातात धरली, ब्रशकडे पाहिलं.

"आता काय घासू?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर मामाला सोसला असता.

त्याने तिच्या हातातून कवळी घेतली आणि नळाखाली धरून स्वतः घासायला लागला. आता रोज रात्री तोच घासतो. गिऱ्हाइकांना उपदेश अजून करतो, पण सुरुवात बदलली आहे. रात्री बायकोसाठी बेसिन रिकामं असतं का, ते तो आधी विचारतो. लोकांना वाटतं, म्हातारा बरळतोय.