डावीकडच्या सीटवरच्या मंदाताई

कुणी गाडी रिव्हर्स घेताना दिसला की मंदाताईंना घरात बसवत नसे. कणकेचे हात घेऊन त्या तशाच गॅलरीत यायच्या आणि वरून ओरडायच्या, "मागं बघ रे, मागं! आरसा काय भांग पाडायला दिलाय का?" गाडीवाला ओळखीचा असो वा नसो. हडको वसाहतीतल्या आमच्या गल्लीत नवीन आलेली माणसं सुरुवातीला त्यांना घाबरायची आणि नंतर आपापल्या बायकांना त्यांच्याकडेच गाडी शिकायला पाठवायची. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने आलो तेव्हा माझ्याकडे फक्त एक जुनी स्कूटर होती. तरी पहिल्याच दिवशी इंडिकेटर न देता वळलो म्हणून बोलणी खाल्लीच.

मंदाताई फुलंब्रीच्या. ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी एकटीने काढलं होतं. नवरा शाळेत मास्तर होता, तो आता रिटायर झालेला. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. ताई सकाळी गाडी घेऊन बाहेर पडल्या की मागे स्वयंपाक गुरुजी करायचे आणि खरं सांगायचं तर झकास करायचे. गाडी एकच, पांढरी, पुढेमागे लाल 'एल' लावलेली. अशा गाडीत डावीकडच्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा उजवीकडे बसतो, शिकवणारा डावीकडे, आणि शिकणाऱ्याचा घोळ झाला की शिकवणारा आपला पाय दाबतो. इतकी वर्षं ताई त्या डाव्या सीटवर बसल्या होत्या.

शिकवणं मात्र पायाने कमी, तोंडानेच जास्त. "क्लच कसा सोडायचा? पाहुण्याला निरोप देतो तसा. दारापर्यंत जायचं, दोन शब्द बोलायचे, मग सोडायचं. एकदम हाकलला तर गाडी रुसून बसंल." एखादी घाबरून रडायला लागली की गाडी कडेला घ्यायला लावून म्हणायच्या, "रड आधी. डोळ्यात पाणी असलं की रस्ता दिसत नाय. झालं? चल, पहिला गिअर." ज्या बायका नवऱ्याच्या गाडीच्या किल्लीलाही हात लावायला भ्यायच्या, त्या महिनाभरात जळगाव रोडला ट्रकच्या मागे शांतपणे उभ्या राहून हॉर्न वाजवायच्या. ताईंना याचा फार अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

मग तो अपघात झाला. हर्सूलच्या पुढे, सकाळच्या वेळी, एक शिकाऊ मुलगी गाडी चालवत होती. सायकलवरून दूध घालणारे एक म्हातारे गृहस्थ कडेने चालले होते. खड्डा चुकवायला ते अचानक आत वळले. मुलीने ब्रेक मारलाच नाही. ताईंनी मारला, पण तोवर सायकल गाडीखाली आली होती. काही दिवसांनी ते गृहस्थ दवाखान्यातच वारले. त्यांच्या मुलानेही पोलिसांना सांगितलं की बाबाच एकदम आत आले, बाईंचा दोष नाही.

ताईंना हे कुणाचं पटलं नाही. गुरुजींनी समजावलं, मी समजावलं. त्या एकच बोलायच्या, "दोष कुणाचाच नाय म्हणता, मग माणूस कसा मेला? दोष आहे. पायाचा आहे. ह्या पायाचा." असं म्हणून उजव्या मांडीवर जोरात चापट मारून घ्यायच्या.

थोड्या दिवसांनी त्यांनी पुन्हा शिकवायला घेतलं, आणि तिथून खरा त्रास सुरू झाला. तो पाय आता गप्प बसेना. समोर कुत्रं दिसलं, ब्रेक. लांबवर रिक्षा वळली, ब्रेक. रस्त्यावर सावली पडली तरी ब्रेक. गाडी दर दहा पावलांवर गचके खात बंद पडायची. शाहीन नावाची एक नर्स शिकायला येत असे, हसतमुख मुलगी. तिने आठवडाभर सोसलं आणि एक दिवस गाडी थांबवून विचारलं, "मॅडम, गाडी मैं चला रही क्या तुम चला रहे?" शाहीन दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मग बाकीच्याही एकेक करून गळाल्या.

एका रविवारी दुपारी ताई माझ्या खोलीत आल्या, त्या लॅपटॉप घेऊन. आरटीओचे ऑनलाइन अर्ज भरायला तो त्यांनी कुणाचातरी वापरलेला घेतला होता. "तू ते गाड्यांचे गेम खेळतोस ना? मला एक पाहिजे. ह्याच्यावर चालंल असा."

मला हसू आलं. मला कार चालवता येत नाही आणि मी रेसचे गेम खेळतो, यावरून त्यांनी माझी भरपूर चेष्टा केलेली होती. पण त्या हसल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला चालवायचा नाय तो. चालवणार तू. मी शेजारी बसणार. गाडी कुठं का जाईना, माझा पाय हलता कामा नये. एवढंच शिकायचंय मला." लॅपटॉप त्यांनी माझ्या टेबलावर सरकवला. "शाळा बंद पडली तर मी काय करू रे? सकाळी उठून जाऊ कुठं? गुरुजी माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करतात. मला दुसरं काय येतं?"

अशी आमची शोधाशोध सुरू झाली. लॅपटॉप म्हणजे बिचारा अर्ज भरण्याच्या लायकीचाच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम जेमतेम. पहिला गेम उतरवायला दोन दिवस लागले आणि सुरू केल्यावर पडदा काळा तो काळाच राहिला. पंखा मात्र असा घरघरत होता की गुरुजी खालून म्हणाले, "दळण कुणाचं चाललंय?"

दुसरा गेम चालला. रंगीबेरंगी, गाड्या पुलावरून उड्या मारतायत. मी मुद्दाम भिंतीवर गाडी घातली. गाडी ठिणग्या उडवत पुढे निघून गेली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "भिंतीला ठोकली अन् काहीच नाय? अशात माझा पाय कशाला हलंल? खोटं आहे हे. काढ." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना सोपा गेम नकोच होता. ज्यात पाय उचलावासा वाटेल आणि तरी उचलायचा नाही, असा त्यांना हवा होता.

तिसरा अगदी अभ्यासू गेम होता, खऱ्या शर्यतीच्या ट्रॅकचा. टायर घसरले तर घसरतात, चुकलं की गाडी मोडते. मला फार आवडला. ताई पाच मिनिटांत जांभया द्यायला लागल्या. "सगळे एकाच दिशेनं चाललेत. समोरून कुणी येत नाय, मधे कुणी येत नाय. असा रस्ता कुठं असतो का?"

शेवटी सापडला तो एक जुना रॅलीचा गेम. कच्चे रस्ते, घाट, अरुंद वळणं, आणि दोन्ही कडेला बघायला उभी राहिलेली माणसं, काही तर थेट रस्त्यात पाऊल टाकून. यात चालवणाऱ्याच्या शेजारी एक जोडीदार बसलेला असतो. पुढे कुठलं वळण आहे ते तो वहीत बघून ओरडून सांगतो. ताई पुढे वाकल्या. "ह्याच्यापुढं ब्रेक नाय?"

"नाही. तो फक्त बोलतो."

"फक्त बोलतो," त्या म्हणाल्या. "अन् एवढ्या जोरात गाडी जाते, तरी गप बसतो?" बराच वेळ त्या पडद्यावरच्या त्या शिरस्त्राण घातलेल्या माणसाकडे बघत राहिल्या. "हाच घे."

पण गेम अडकत होता. चित्र थांबत थांबत पुढे सरकायचं आणि ताई म्हणायच्या, "असं थांबल्यावर पायाला विचार करायला वेळ मिळतो, उपयोग नाय." मग मी सेटिंगमधून एकेक गोष्ट काढायला घेतली. सावल्या काढल्या. धूळ काढली. चित्राचा बारीकपणा निम्म्यावर आणला. तरी अडके. उरली झाडं आणि माणसं. कडेची माणसं काढली की गेम लोण्यासारखा चालला असता. मी तिथे बोट नेलं तर ताईंनी माझा हात धरला. "माणसं राहू दे. माणसांसाठीच तर चाललंय हे." म्हणून मी झाडं काढली. त्या बोडक्या डोंगरात, चपट्या आभाळाखाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती माणसं उभी असायची आणि मी त्यांच्यामधून गाडी न्यायचो.

गुरुजींनी बिस्किटाच्या डब्याचं झाकण ताईंच्या उजव्या पायाखाली ठेवून दिलं. पाय दाबला की ते टक्कन वाजे. मी टेबलाशी, ताई माझ्या डाव्या हाताला प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय झाकणावर. पहिल्या दिवशी ते झाकण ताशासारखं वाजत होतं. ताईंचा चेहरा घामाने भिजायचा. एकदा तर त्या ताडकन उठल्या, न्हाणीघरात गेल्या, आणि आत उलट्या केल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. गुरुजी मला हळूच म्हणाले, "बंद करू या का हे?" तोंड पुसत ताई परत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "चालू कर."

हळूहळू त्यांनी युक्ती काढली. त्या इंग्रजी बोलणाऱ्या जोडीदाराचा आवाज मला बंद करायला लावला आणि त्याचं काम स्वतः घेतलं. एकच रस्ता आम्ही रोज संध्याकाळी घेत होतो, त्यामुळे वळणं त्यांना पाठ झाली होती. "पुढं डावीकडं. हळू. समोर माणसं. अजून हळू. आता सोड." आवाज इतका शांत की देवघरात पोथी वाचतायत असं वाटावं. त्यांना जेवढं बोलता येई, तेवढा पाय शांत राही. झाकण वाजायचं कमी झालं, आणि मग एका संध्याकाळी पूर्ण रस्ता संपला तरी वाजलंच नाही. मी वळून पाहिलं तर ताई स्वतःच्या पायाकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. गुरुजी धावत जाऊन इमरती घेऊन आले. ताईंनी खाताना रडून घेतलं. मला इतका आनंद झाला होता की मी त्याच आठवड्यात शिकाऊ लायसनचा अर्ज केला. पुन्हा सुरू होणाऱ्या शाळेचा पहिला विद्यार्थी मीच व्हायचं ठरवलं होतं.

जटवाड्याच्या रस्त्याला रविवारी सकाळी गर्दी नसते. मी स्टिअरिंगवर, ताई डावीकडे. क्लच मी पाहुण्यासारखा सोडला. पहिला, दुसरा, तिसरा. कुत्रं आडवं गेलं, ताई फक्त बोलल्या. ट्रॅक्टर समोरून आला, ताई फक्त बोलल्या. मी मनात म्हटलं, जिंकलो.

पुढे रसवंती होती. पलीकडे एक बाई उभी होती, आणि रसवंतीच्या बाकावरून एक लहान मुलगी तिच्याकडे बघून हसत उठली आणि रस्त्यात धावली.

"समोर पोरगी," ताई म्हणाल्या. "हळू. अजून हळू."

त्याच आवाजात. पोथी वाचल्यासारख्या. मी दोन्ही पायांनी जे सापडेल ते दाबलं. गाडी किंचाळली, गचका देऊन बंद पडली. मुलगी बॉनेटला हात लावून उभी होती, इतकी जवळ. मग तिची आई धावत आली, आधी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला छातीशी घट्ट धरलं. मुलीला काही झालं नव्हतं.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते. पुढ्यात ब्रेक होता आणि दोन्ही पाय त्याच्या अलीकडे, चटईवर, एकाशेजारी एक, शांत ठेवलेले.

"हलला नाय," त्या म्हणाल्या. "प्रदीप, माझा पाय हललाच नाय."

मी म्हटलं, "ताई, काही झालं नाही. ती सुखरूप आहे."

"तू दाबला म्हणून. तू नसता दाबला तर?" त्यांनी दार उघडलं आणि उतरल्या. "आधी नको तिथं दाबत होता. आता पाहिजे तिथं दाबत नाय. मधलं काही राह्यलंच नाय रे माझ्याकडं."

त्या पुन्हा गाडीत बसल्या नाहीत. चालवायलाही नाही. "भरवसा नाय ह्या पायाचा." माझ्याकडे फक्त शिकाऊ लायसन, एकट्याने चालवता येईना. गॅरेजवाला गाडी न्यायला येईपर्यंत ती कडेला ढकलून ठेवली आणि आम्ही रसवंतीच्या बाकावर बसून राहिलो. त्या मुलीच्या आईने आम्हाला रस आणून दिला. ताईंनी ग्लास हातात धरला, प्यायला नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड उतरवला गेला. गाडीतले डावीकडचे दोन्ही पेडल काढून ती विकली. थंडीत ताई आणि गुरुजी फुलंब्रीला राहायला गेले. निघताना गुरुजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही दोघांनी फार कष्ट घेतले हो." त्यांच्या त्या सरळ बोलण्याने मला फार वाईट वाटलं.

पुढे मी दुसऱ्या शाळेत शिकलो. पक्कं लायसन हातात आलं, मित्राची गाडी घेतली आणि एकटाच जटवाड्यापर्यंत जाऊन आलो. आल्या आल्या ताईंना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं. तिसरा कधी टाकला, आरसा बघत होतो का, चढावर गाडी मागे गेली का. आवाजात जुनी धार होती, मला बरं वाटलं.

"अन् शेजारी कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही, ताई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई बायांना शिकवायचं राह्यलं रे माझं. लई बायांना."