मडक्यातल्या बॅटऱ्या

तुम्ही हसणार आहातच, तेव्हा तोंडातला चहा आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. माझ्या हातून असा गाढवपणा झालाय, की अकोला-अमरावती एसटीत चढायची मला अजून लाज वाटते.

सुरुवात झाली एका पत्रकापासून. अमरावतीच्या एमआयडीसीत जुन्या बॅटऱ्यांचा कारखाना निघालाय. मोबाईलच्या, लॅपटॉपच्या, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथे दळतात. त्यांची काळी भुकटी होते आणि त्या भुकटीतून लिथियम, कोबाल्ट काढून पुन्हा नव्या बॅटरीला वापरतात. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आग लागते, आमच्याकडे द्या, असं त्या पत्रकात लिहिलं होतं.

आता मला सांगा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाला लिथियमचं काय पडलंय? काही नाही. पण बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी पुण्याला, आणि जठारपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची बेल वाजवायची तर काहीतरी निमित्त लागतं. साखर तरी किती वेळा मागणार? बॅटरीचं निमित्त मला फार आवडलं. लोक कपाटं धुंडाळेपर्यंत दहा मिनिटं बसायला मिळायचं. दोन घरी तर चहासुद्धा झाला.

पंधरा दिवसांत चांगला ढीग जमला. त्यात एक माझ्या घरचीही होती. बायकोच्या मोबाईलची, फुगून पुरीसारखी झालेली.

बॅटऱ्या कशा ठेवायच्या तेही पत्रकात होतं. टोकांना चिकटपट्टी लावा, एकमेकींना टेकू देऊ नका, न जळणाऱ्या भांड्यात कोरड्या वाळूत ठेवा, उन्हात नको, आपटू नका. मी सरकारी माणूस, नियम म्हणजे नियम. कुंभाराकडून मडकं आणलं, वाळू भरली, थर लावले आणि वडिलांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा तोंडावर घट्ट बांधला.

आणखी एक सांगायचं राहिलं. मे महिना होता. अकोल्याचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं? दर उन्हाळ्याप्रमाणे आदल्याच दिवशी डोकं चकोट करून आलो होतो. न्हावी म्हणाला, आता मिशी एकटीच बरी दिसत नाही. म्हणून तीही काढली.

तर चकोट डोकं, मिशी साफ, पांढरा सदरा आणि छातीशी पांढऱ्या फडक्यानं बांधलेलं मडकं. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

गाडी खच्चून भरलेली, तरी मी चढताच दोन माणसं उठून उभी राहिली. मला खिडकी मिळाली. कंडक्टरनं अर्धं तिकीट दिलं आणि आधार कार्ड मागितलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, वा, लोकांना पर्यावरणाची केवढी कदर आलीय.

शेजारी मोर्शीकडचं एक जोडपं होतं. संत्र्याची बाग होती त्यांची, अकोल्याला लेकीकडे येऊन परत निघाले होते. थोड्या वेळानं माझ्या मांडीला मुंग्या आल्या, म्हणून मी मडकं पायाशी ठेवायला वाकलो, तर बाईंनी पटकन हात लावला.

"खाली नोका ठेवू जी. अस्थी भुईवर ठेवत नसतेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मी तोंड उघडलंही होतं. पण बाईंनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि विचारलं, "सकाळपासून काई खाल्लं का तुमी?"

चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

कोण गेलं, असं बाईंच्या यजमानांनी, म्हणजे भाऊंनी, हळूच विचारलं. मी म्हणालो, बायको. आता हे काही खोटं नव्हतं, फक्त चार वर्षं उशिरा होतं! मग काय, मूर्तिजापूरपासून मी सुरूच झालो. ती कैरीचं लोणचं कसं घालायची, माझ्याशी भांडली की भाजीत मीठ कसं कमी टाकायची, सगळं सांगितलं. बाई डोळ्याला पदर लावत होत्या. ड्रायव्हरनं गाणी बंद केली. बायको गेली तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत मला रडायला झालं नव्हतं. बडनेऱ्याच्या अलीकडे मी भर एसटीत ढसाढसा रडलो, मांडीवर मोबाईलच्या बॅटऱ्या घेऊन.

अमरावतीच्या स्टँडवर बाईंनी मला सावलीत बसवलं आणि शिदोरी सोडली. पोळ्या, बेसन, ठेचा. भाऊ कुठंतरी गेले. मी ठरवलं, हा घास झाला की सांगून टाकायचं. मग वाटलं, पुढचा घास झाला की. असं करत तीन पोळ्या संपल्या.

तेवढ्यात भाऊ आले ते जीप ठरवूनच. कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रात विसर्जन करायचं, मोर्शीची गाडी काय, मागूनही मिळते. "एकटं काहून जाता? आमी हाओत ना संगं," असं म्हणून त्यांनी माझं मडकं उचललंसुद्धा.

आता आली का पंचाईत? लोक ज्या नदीचं पाणी पितात, तिच्यात मी हे विष सोडू? आणि खरं सांगावं, तर दोन तासांत मिळालेली ही माणसं हातची जाणार. पुन्हा आपण आणि आपली खोली. शेवटी मडकं त्यांच्या हातून घेतलं, कट्ट्यावर ठेवलं आणि फडक्याची गाठ सोडली.

भाऊ कितीतरी वेळ आत बघत राहिले. मी कारखान्याचं सांगितलं, वाळूचं सांगितलं, बायको कधी गेली तेही सांगितलं. तिची ती फुगलेली बॅटरी दाखवली. जीपवाला तेवढा हसत होता.

मी हात जोडले. म्हटलं, "वैनी, माफ करा. तुमचं जेवण मी खोटं सांगून खाल्लं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही कशाला वाढलं असतं?"

बाईंनी फडकं उचललं, मडक्याच्या तोंडावर बांधलं आणि गाठ मारता मारता म्हणाल्या, "वाढलं असतं ना जी. एकट्या माणसाले जेव म्हणासाठी घरातलं कोणी मराच लागते काय?"

उरलेल्या दोन पोळ्या त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. मग दोघं मोर्शीच्या गाडीकडे निघून गेले. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

कारखान्यातल्या इंजिनीअर मुलीनं माझ्या बांधणीचं कौतुक केलं. मग निम्मे सेल बाजूला काढले. ते भिंतीवरच्या घड्याळांचे होते, त्यात लिथियम औषधालाही नव्हतं! वर विचारते कशी, काका, फुगलेली बॅटरी प्रवासी गाडीतून आणायची नसते, पत्रकाची मागची बाजू वाचली नाही का? फोन केला की आमची गाडी घरी येते. मी म्हटलं, नाही वाचली. खरं तर वाचली होती. पण गाडी घरी आली असती, तर मला कुठं जायला मिळालं असतं?

बायकोची बॅटरी सगळ्यात शेवटी दिली.

परत येताना रिकामं मडकं बरोबर होतंच. गाडी पुन्हा खच्चून भरलेली. मला बघताच एक गृहस्थ हात जोडून उठला. मोर्शीच्या बाईंचे शब्द कानात ताजे होते. मी ताबडतोब सांगून टाकलं, बसा हो, मडकं रिकामं आहे, माझ्या घरचं इतक्यात कुणी गेलेलं नाही, मी नुसताच एकटा आहे.

तो गृहस्थ बसला. मी अकोल्यापर्यंत उभा आलो.