सुमनकाकूंचा सन्डे

सुमनकाकू चैत्रातल्या हळदीकुंकवाला आइस्क्रीमचा सन्डे देत. आंब्याची डाळ आणि पन्हे काय, आमच्या रावपुऱ्यात घरोघरी मिळते. काकूंकडे उंच काचेच्या पेल्यात तळाशी आंब्याच्या फोडी, त्यावर आइस्क्रीम, वर रस, काजू, क्रीम आणि शेंड्यावर चेरी. गौरीलाही तोच नैवेद्य. एका आजींनी नाक मुरडले, तेव्हा काकू म्हणाल्या, "गौर माहेरी आलीये. लेकीचे लाड माहेरी नाही करायचे तर कुठे?" आजींनी पेला चाटूनपुसून साफ केला.

काकू आमच्या समोरच्या दारात राहत. त्यांच्याकडे सबुरी नावाला नव्हती. "सन्डे आणि माणूस, दोघांनाही ताटकळत ठेवू नये," असे त्या नेहमी म्हणत.

बाबा गेले, त्यानंतरच्या चैत्रात काकू आमंत्रणाला आल्या. आई म्हणाली, "सुमनताई, मला आता कशाला बोलावता? बायकांना आवडायचं नाही."

"ज्यांना आवडायचं नाही त्यांनी डाळ खायला दुसरीकडे जावं. नलू, पाच वाजता ये."

आई गेली नाही. मला पाठवले. सव्वापाच झाले तरी भरलेले पेले तसेच, आणि काकू सगळे चमचे मुठीत धरून उभ्या. "नलू आल्याशिवाय चमचा मिळणार नाही."

"अहो, पाघळतंय!" बायका म्हणाल्या.

"पाघळू दे ने!" काकूंनी गुजराती हेल काढला.

शेवटी मीच घरी धावले. "आई, तुझ्यामुळे सगळ्यांचं आइस्क्रीम पाघळतंय!" अन्न वाया गेलेले आईला कधीच खपत नसे. ती घरच्याच साडीत तरातरा आली, काकूंना रागावली आणि पेला घेऊन बसली. चमच्यांचा उपयोग उरला नव्हता. सगळ्यांनी सन्डे पिऊनच टाकला.

मग काकूंनी हळदीकुंकवाचे तबक घेतले. आई उठू लागली. "बेस ने," म्हणत काकूंनी तिचा खांदा दाबला आणि तिला कुंकू लावले. आईला रडू फुटले, मलाही आवरेना. काकूंनी तबक तिच्याच हाती दिले आणि कपाळ पुढे केले.

"आता मला लाव."

काकांचे हृदयाचे ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता, ते आतल्या खोलीत पडून होते. आईने हात मागे घेतला. "अहो, घरात आजारी माणूस..."

आतून काका ओरडले, "आजाऱ्याची हरकत नाही, वहिनी! लावा!"

आईने ठसठशीत कुंकू लावले.

काकूंना जाऊन आता दोन वर्षे झाली. काका शहाऐंशीचे आहेत. आज सकाळीच आमच्याकडे चहा पिऊन गेले.