पान एकशे त्रेचाळीस

बुद्धप्रियाताई तळभंडारे पुस्तकाबद्दल खोटं बोलत नसत. त्यामुळे आमच्या वाचनालयात त्यांचा थोडा धाकच होता. त्या टपाल खात्यात सॉर्टिंगला, राहायला बुधवार पेठेत. दर रविवारी सकाळी दोन पुस्तकं नेत, पुढच्या रविवारी परत आणत आणि टेबलावरच्या अभिप्राय वहीत आपलं मत लिहून जात. मी तिथला ग्रंथपाल, जोतिराम. सोमवारी आलो की पेपर बाजूला ठेवून आधी ती वही उघडायचो.

एका कवितासंग्रहाखाली त्यांनी लिहिलं होतं, "बावीस कवितांत पाऊस आहे. कवी सोलापूरचे आहेत. एवढा पाऊस त्यांना कुठं भेटला?" पाककृतींच्या एका पुस्तकाला, "शेंगाचटणी मिक्सरमध्ये फिरवायला सांगितली आहे. पुढचं वाचलं नाही." आणि एका जाड कादंबरीला, "शेवटची ऐंशी पानं लेखकानं थकून लिहिलीत, मीही थकून वाचली. विहिरीवरचं मायलेकींचं भांडण मात्र दोनदा वाचलं." त्या कवीनं मला फोन करून विचारलं होतं, "कोण आहे ही बाई?"

गेल्या ऑगस्टात बाळासो मालकांचं आत्मचरित्र आलं. मालकांचा चिंचोळी एमआयडीसीत रंगाचा कारखाना. वाचनालयाची जागा, वरचे पत्रे, आतले पंखे, कपाटं त्यांनीच दिलेली, आणि अध्यक्षही तेच. पुस्तक कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, गुळगुळीत कागदाचं. प्रकाशनाला चारशे माणसं आली, जेवली आणि एकेक प्रत घेऊन गेली. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं मात्र एकट्या बुद्धप्रियाताईंनी, असं मला आता वाटतं.

तीन आठवड्यांनी वहीत नोंद आली. अक्षर नेहमीसारखंच, सरळ.

"छपाई चांगली. बालपणाचा भाग खरा वाटतो. पान १४३ वर मालक लिहितात की भोगीच्या दिवशी जुन्या टाकीतून वास येत होता, म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः उभं राहून ती मुरुमानं बुजवून घेतली. 'निर्णय पुढे ढकलणं माझ्या स्वभावात नाही,' असंही लिहितात. वर्षही दिलं आहे. त्या वर्षी भोगीला त्याच कारखान्यात धुळाप्पा टाकी धुवायला उतरला होता. तो अजून घरी आलेला नाही. वास कशाचा होता, हे पुस्तकात नाही. टाकी उघडून बघावी."

मी ते वाचलं, तेव्हा शेजारच्या खोलीत तानाबाई फरशी पुसत होती.

तानाबाई म्हणजे धुळाप्पाची बायको. मूळची सांगोल्याकडची माणसं. मेंढरं विकून शहरात आलेली. धुळाप्पा ठेकेदाराच्या हाताखाली कारखान्यात जायचा. नऊ वर्षांपूर्वी भोगीला गेला तो गेलाच. तो दुपारीच काम सोडून गेला, असं कारखान्यानं सांगितलं. मालक त्या दिवशी पुण्याला होते आणि टाकी तर कधीच बंद केलेली होती, असं पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं. दुसरी बाई ठेवली असेल, असं लोक म्हणाले. वर्षभरानं मालकांनीच तानाबाईला आमच्याकडे झाडलोटीला लावलं. तेव्हा आम्हाला तो चांगुलपणा वाटला होता.

मी वही मिटून कपाटात ठेवली. पण तोवर ती आणखी कुणीतरी वाचली होती. मंगळवारी दुपारी मालकांची पांढरी गाडी दारात उभी राहिली.

ते एकटेच आत आले. सत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, आवाज मऊ. चहा सांगितला. वही मागितली, चष्मा लावून नोंद वाचली आणि हसले.

"ताई वाचतात चांगलं," ते म्हणाले. "पण जोतिराम, माणसानं एवढं बारकाईनं वाचू नये. डोळ्यांना त्रास होतो."

"लिहिणाऱ्यानं घोळ घातला. मी बोलत गेलो, तो लिहीत गेला. नवीन आवृत्ती काढतोय. जुन्या प्रती माझा माणूस घेऊन जाईल." मग त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं. "पावसाळ्यात गळत नाही ना आता?"

"नाही मालक."

"मग झालं तर."

चहा न पिताच ते गेले. मी वहीतलं ते पान फाडलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी फाडलं. पट्टी लावून, सरळ, म्हणजे फाडल्याची खूण दिसू नये. मग त्याचे तुकडे करून खिशात घातले आणि घरी जाताना गटारात टाकले. हे मी लपवणार नाही.

आठवड्याभरात शहरातल्या वाचनालयांतून, ओळखीच्या घरांतून प्रती गोळा झाल्या. आमच्या दोन प्रतींपैकी एक गेली. दुसरी ताईंनी या खेपेला परत आणलीच नव्हती.

रविवारी त्या आल्या, वही उघडली, बोटानं शिवण चाचपली.

"भाऊ, तुम्ही?"

मी हो म्हणून मान हलवली.

मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. "माझ्याकडची प्रत हरवली म्हणून नोंद करा," म्हणाल्या. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक पुस्तक हरवलं नव्हतं. मी रजिस्टरात 'हरवली' असं लिहिलं.

मग त्यांनी तानाबाईला हाक मारली, शेजारी बसवलं आणि पिशवीतून पुस्तक काढून ते पान वाचून दाखवलं. तानाबाईला वाचता येत नाही. ऐकून ती म्हणाली, "परत वाचा की." ताईंनी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तानाबाई हळूच बोलली, "भोगीच व्हती. तिळाची भाकर बांधून दिल्ती मी. टाकी धुवायची हाय, लवकर येतो म्हनला." आणि थोड्या वेळानं, "म्हंजी त्यो हितंच हाय व्हय? आन् मी पंढरपुरापातुर धुंडाळत फिरले."

दोघी दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे गेल्या. पुस्तकावरून गुन्हा दाखल होतो का, असं विचारून त्यांना परत पाठवलं. त्याच आठवड्यात ताईंच्या उंबऱ्यावर सकाळी एक पुस्तक ठेवलेलं सापडलं. नवीन आवृत्ती. पान १४३ वर आता प्राणायामाचे फायदे होते. पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं, 'बारकाईने वाचणाऱ्या ताईंना सप्रेम.' दुसऱ्या दिवशी आणखी एक आलं. तिसऱ्या दिवशी आलेल्या पुस्तकात त्यांचा फोटो होता, ऑफिसातून सुटून स्कूटी काढतानाचा. कुणीतरी जवळूनच काढलेला.

"भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटते की. जेवण जात नाही." त्यांनी फोटो पाकिटात घातला, पाकिटावर तारीख टाकली. "पण भाऊ, तानाबाईसमोर तीनदा वाचलंय मी. आता ते न वाचल्यासारखं कसं करू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी दाखल रजिस्टर काखेत मारलं. त्यात पहिल्या आवृत्तीच्या दोन्ही प्रतींची नोंद होती, तारखेसकट, मालकांच्या सहीसकट. आम्ही तिघं पोलिसांच्या वरच्या साहेबांकडे गेलो. नवीन आलेल्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या, मालकांचा जुना जबाब मागवला आणि पान तीनदा वाचलं. वहीतल्या फाडलेल्या पानाचं मी माझ्या तोंडानं सांगितलं. बाईंनी मान वर करून फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

परवानग्या येता येता मार्च उजाडला. टाकीवर बाग केलेली होती, लॉन आणि मधोमध कारंजं. जेसीबी सकाळी आठला लागला. उन्हाचा तडाखा असा की पंच म्हणून आणलेली माणसं गाडीच्या सावलीतून हलेनात. तानाबाई मात्र पदर डोक्यावर घेऊन कडेलाच बसली. अकराच्या सुमारास मुरूम संपला आणि मशीन थांबवून माणसं खाली उतरली. आधी गमबूट वर आला. मग एकानं कापडावर ठेवून काळा पडलेला चांदीचा करदोडा आणला. तानाबाईनं तो हातात घेतला, पदरानं घासला, आणि कपाळाला लावला. रडली नाही. "अंधारात बसलाय न्हवं किती वर्सं," एवढंच म्हणाली.

तपासणी होऊन हाडं ताब्यात मिळाल्यावर तिनं त्याला गावी नेलं. बिरोबाच्या माळाकडेला माती दिली.

मालकांना अटक झाली, पंधरा दिवसांत जामीनही झाला. वाचनालयाला जागा रिकामी करायची नोटीस आली. पुस्तकं सध्या गोणपाटात बांधून एका मंगल कार्यालयाच्या खोलीत आहेत. ताईंची बदली टेंभुर्णीला झाली. कुणी केली कळत नाही. रोज एसटीनं जातात, येतात. वकिलांनी त्यांना एकटीनं फिरू नका म्हणून सांगितलंय, म्हणून त्या परत येतात तेव्हा स्टँडवर मी थांबतो. काही संध्याकाळी समोर तीच पांढरी गाडी असते. कधी नसते. नसते तेव्हा जास्त धाकधूक होते.

मागच्या तारखेला कोर्टातून बाहेर पडताना मालकांचा माणूस माझ्या शेजारून चालायला लागला. खांद्यावर हात ठेवला.

"मामा, साक्ष पुढच्या महिन्यात न्हवं? तोवर तब्येत जपा."

मी जागीच थांबलो. पुढे चाललेल्या बुद्धप्रियाताई थांबल्या, वळून आल्या आणि पर्समधून पेन काढून त्याला म्हणाल्या, "नाव सांगा तुमचं."

त्यानं सांगितलं नाही. पण खांद्यावरचा हात काढला आणि आम्ही रिक्षात बसेपर्यंत तिथंच उभा राहून आमच्याकडे बघत राहिला.