विश्रांतिकेचं कुलूप

आमच्या क्लबात घंटा वाजल्याखेरीज सेवा सुरू होत नाही. अध्यक्ष गळ्यात बिल्ल्यांची साखळी अडकवतात, टेबलावरच्या पितळी घंटेवर लाकडी हातोडी मारतात, मग सगळे उभे राहून समाजाची निरपेक्ष सेवा करण्याची शपथ एका सुरात म्हणतात आणि खाली बसून स्टार्टर्स कधी येतात याची वाट बघतात. हे सगळं पनवेलबाहेर हायवेवरच्या एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये चालतं. जिथे समाज आहे तिथे आम्ही सहसा बसत नाही.

मी या मंडळींत कशी अडकले ते सांगते. विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि आम्ही दादरची जागा सोडून करंजाड्याला राहायला आलो. दुपारभर घरात बसून मी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यात चुका काढायला लागले. तो म्हणाला, "तुझी ही सगळी बुद्धी समाजाच्या उपयोगी पडू दे की जरा." क्लबाला बायका सभासद हव्याच होत्या, कारण वरून तसं परिपत्रक आलं होतं. मी गेले, आणि पहिल्याच सभेत माझ्या कोटाला बिल्ला लावायला चार जण पुढे आले. मी कोट घालत नाही. तो बिल्ला शेवटी पदराला लावला आणि साडीला भोक पडलं.

त्याच वर्षी क्लबाचा सुवर्णमहोत्सव होता. अध्यक्ष डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल असलेले. त्यांनी घंटा वाजवून जाहीर केलं की पन्नास वर्षांचे पन्नास उपक्रम करायचे. टाळ्या झाल्या. पन्नास हा आकडा बॅनरवर चांगला दिसतो, एवढाच त्यामागचा विचार होता. पुढे तो आकडा आमच्या मानगुटीवर बसला. कोणाला काय हवंय हे विचारायला कोणी गेलं नाही, सगळे मोजत बसले.

मोजायची पद्धतही आमची खास. तलावाकाठी एक बाक बसवला तो एक उपक्रम. त्याला रंग दिला तो दुसरा. त्यावर ज्येष्ठ नागरिक बसवून त्यांचा सत्कार केला तो तिसरा. उलव्याला बांधकामावरच्या मजुरांना ब्लँकेटं वाटली, ऐन एप्रिलात. ती माणसं घामाने निथळत रांगेत उभी होती आणि आमचे सेक्रेटरी त्यांना ब्लँकेट खांद्यावर पांघरून फोटो द्यायला सांगत होते. चिरनेरला जाऊन जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांच्या स्मारकाला हार घातला आणि तिथून एका सभासदाच्या फार्महाऊसवर जेवायला गेलो. हार हा एक उपक्रम झाला. जेवताना ग्रामीण जीवनाचा परिचय झाला, म्हणून जेवण हाही झाला. मला हसू आलं तेव्हा अध्यक्षांच्या पत्नी, ज्यांना आमच्याकडे फर्स्ट लेडी म्हणतात, माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी स्मारकावर थुंकलेच.

आता मावशीबद्दल. सगळी बिल्डिंगच तिला मावशी म्हणते. आमची बिल्डिंग उभी आहे ती तिच्या घरच्या प्लॉटवर. शेती आणि मिठागरं सरकारी संपादनात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर मुलाने बिल्डिंग बांधली. आणखीही दोन-तीन बांधल्यात, डंपर आहेत, दारात उभ्या असलेल्या गाडीची किंमत मी विचारलेली नाही. मावशी तळमजल्यावर राहते, आणि तरीही रोज पहाटे पनवेलच्या मासळी बाजारात मासे विकायला जाऊन बसते. सासूची जागा आहे, ती सोडायची नाही असं तिचं म्हणणं. मुलगा चिडतो. ती म्हणते, "घरान बसून काय भिंती बघू?"

मागच्या वर्षी ती पंधरवडाभर दिसली नाही. चौकशी केली तर कळलं, मूत्रपिंडाला सूज आली म्हणून दवाखान्यात होती. घरी आल्यावर मी भेटायला गेले. म्हणाली, "डॉक्टर बोलतो, पानी पी. दिवसभर पानी पी. परत असा झाला तर किडनी जाईल, बोलतो."

"मग पीत जा की, मावशी."

"पिऊ न् जाऊ कुटं, बाय?"

बाजारातली बायकांची जुनी मुतारी कधीच पडली होती. पहाटेपासून दुपार उतरेपर्यंत त्या सगळ्याजणी पाण्याचा थेंब न घेता बसायच्या. ऊन, बर्फ, गिऱ्हाइकांची घासाघीस, आणि घसा कोरडा. मी इतकी वर्षं मासे घेत आले, पापलेट शिळं आहे का ते कल्ले उघडून बघत आले, पण ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. त्या दिवशी आली आणि मग जाईना.

मी क्लबाच्या सभेत उभी राहिले आणि म्हटलं, बाजारात बायकांसाठी संडास बांधा. हातातला ट्रे घेऊन वेटर जागीच थबकला. कोणीतरी म्हणालं की जेवणाच्या वेळी हा विषय नको. कोणी म्हणालं, सुवर्णमहोत्सवाच्या बॅनरवर हा शब्द कसा लिहिणार. खरं तर तो प्रस्ताव तिथेच मेला असता, पण मोजणीत घोटाळा निघाला. नेत्रतपासणीचं एक शिबिर दोनदा धरलं गेलं होतं. आकडा कमी पडत होता. तेव्हा सगळ्यांना एकदम बाजारातल्या भगिनींचा कळवळा आला. नाव ठरलं 'भगिनी विश्रांतिका'. आत नेमकं काय आहे ते कोणाला कळू नये, अशी पुरेपूर काळजी त्या नावात घेतली होती.

काम प्रकल्पप्रमुखांकडे गेलं. त्यांचं टाइल्सचं शोरूम आहे. आणि त्यांना न्याय द्यायचा तर, त्यांनी ते झकास केलं. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, मधून निळी पट्टी, आरसा, बेसिन, वर पाण्याची टाकी, दिवा. बाहेर दगडी पाटी, दारापेक्षा रुंद, त्यावर सगळ्या माजी अध्यक्षांची नावं, स्वर्गवासी झालेल्यांचीसुद्धा. मी मावशीला नेऊन दाखवलं. तिने नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. "सोमवारी उद्घाटन," मी म्हटलं. "सोमवारपासून तू बिनधास्त पाणी प्यायचं."

"पीन," ती म्हणाली.

सोमवारी प्रांतपाल आले. प्रांतपाल म्हणजे आमच्यासारख्या सगळ्या क्लबांचे वरचे साहेब, त्यांच्या गळ्यातली साखळी अध्यक्षांच्या साखळीपेक्षा जाड असते. मासळीवाल्या बायकांना लाभार्थी म्हणून रांगेत उभं केलं होतं. मासळीच्या पाट्या जरा लांब ठेवा, असं त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं, वासामुळे. मासळी बाजारात येऊन वासाला नाक मुरडणारी माणसं मी तिथे पहिल्यांदा पाहिली. फर्स्ट लेडी नाकाला रुमाल लावून हसत होत्या, म्हणजे निदान डोळ्यांवरून तसं वाटत होतं. भाषणांत 'या गरीब, कष्टकरी माउली' असा उल्लेख पुन्हा पुन्हा येत होता. गळ्यात सोन्याचे चपलाहार घातलेल्या माउली शांतपणे ऐकत होत्या. त्यातल्या एकीने मनात आणलं असतं तर आमचं ते हॉटेल हॉलसकट विकत घेतलं असतं.

मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले. डॉक्टरच ते, त्यांनी पाण्याचं महत्त्व सांगितलं. मूत्रमार्गाचे विकार कसे होतात, पाणी न पिणं म्हणजे शरीराशी वैर कसं, वगैरे. प्रत्येकीला क्लबाचं बोधचिन्ह छापलेली स्टीलची बाटली दिली, भरलेली. फोटोग्राफरने सांगितलं, सगळ्यांनी बाटल्या तोंडाला लावा. बायकांनी लावल्या. तो म्हणाला, आणखी एकदा, काहींचे डोळे मिटलेत. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि तिने सगळी बाटली रिकामी केली. फीत कापली, प्रांतपाल आत डोकावून आले, दार सताड उघडं ठेवून त्याचा फोटो झाला. गाड्या हॉटेलकडे जेवायला निघाल्या. मी मागे राहिले, मला पापलेट घ्यायचं होतं.

थोड्या वेळाने मावशी उठून गेली आणि लगेच परत आली. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. जाऊन पाहिलं तर दाराला नवंकोरं पितळी कुलूप.

मी प्रकल्पप्रमुखांना फोन लावला. मागे काट्याचमच्यांचा आवाज येत होता. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "अहो मॅडम, पुढच्या महिन्यात पुरस्कार समिती पाहणीला येणार आहे. तोपर्यंत चकाचक ठेवायचंय ना. एकदा वापरायला दिलं की खराब होतं."

"मग बांधलं कशाला?"

"म्हणजे काय? सुवर्णमहोत्सवासाठी."

या माणसाला राग येत नव्हता, लाज वाटत नव्हती, आपण काही चुकीचं बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. चावी कुठे आहे विचारलं तर म्हणाले, माझ्या खिशात, सुरक्षित आहे. मी फोन ठेवला. मावशी भिंतीला टेकून ओठ दाबून उभी होती, आणि बाकीच्या बायका हातातल्या बाटल्यांकडे बघत होत्या.

"चल," मी म्हटलं. "मी सांगते तिकडे."

शेजारणीला पाटी सांभाळायला सांगून आम्ही रिक्षात बसलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटायची. मी रिक्षावाल्यावर ओरडत होते, जणू काही खड्डे त्यानेच खणले होते. हॉटेलच्या दारावरच्या माणसाने मावशीचा ओला पदर, काष्टा, मनगटावरचे खवले पाहिले आणि हात आडवा केला. मी माझा बिल्ला त्याच्या नाकासमोर धरला. तेवढा एकदाच तो बिल्ला कामाला आला.

हॉलमध्ये प्रांतपाल माइकवर होते. प्रसाधनगृह हॉलच्या पलीकडच्या टोकाला आहे, म्हणजे सगळ्या टेबलांमधून जावं लागतं. आम्ही गेलो. मावशी पुढे, मी मागे. तिच्या अंगाचा बोंबील-कोळंबीचा वास एसीच्या गार हवेत टेबलाटेबलावर पोचत होता. फर्स्ट लेडींनी रुमाल शोधायला पर्स उघडली. प्रांतपाल 'शेवटच्या माणसापर्यंत सेवा' या वाक्यावर थांबले ते थांबलेच. मला खरं सांगायचं तर इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

मावशी बाहेर आली, पदराला हात पुसत, चेहरा मोकळा. परतताना ती स्टेजजवळ थांबली. मागे भलंमोठं बॅनर होतं, त्यावर सकाळचाच फोटो, घाईघाईने छापून आणून चिकटवलेला. पांढऱ्या टाइल्स, निळी पट्टी, आरसा. तिने तो नीट न्याहाळला.

"हितं दार उघडा हाय," ती म्हणाली.

माइक चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं. अध्यक्षांनी प्रकल्पप्रमुखांकडे पाहिलं, प्रकल्पप्रमुखांनी माझ्याकडे, आणि मग ते उठले, खिशातून चावी काढली आणि दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली, पुरस्कार दिल्यासारखी. फोटोग्राफर सवयीने पुढे धावला.

"चावी मना नको," मावशी म्हणाली. "तुजा कुलूप तू घरी ने."

त्याच दुपारी कुलूप निघालं. ते काढायला क्लबातलं कोणी आलं नाही, शोरूममधला माणूस पाठवला होता. मी राजीनामा दिला. तो मंजूर करतानाही त्यांनी घंटा वाजवली म्हणे.

दोन महिन्यांनी सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका घरी आली, गुळगुळीत कागदाची. मी राजीनामा दिलाय हे पोस्टाचे पत्ते लिहिणाऱ्याला कळलं नसावं. त्यात एकोणपन्नास उपक्रमांचे फोटो होते, बाक, बाकाचा रंग, ब्लँकेटं, हार, जेवण, विश्रांतिका. पन्नासावा मला माहीत नव्हता. पान उलटलं तर पानभर मावशी, बॅनरसमोर उभी, समोर वाकून चावी धरलेले प्रकल्पप्रमुख. खाली लिहिलं होतं: 'उपक्रम पन्नासावा. लाभार्थी भगिनीशी हृद्य संवाद.' या माणसांच्या तोंडात कोणी मारली तरी ते गाल दाखवून एक फोटो काढून घेतील आणि मोजतील.

मी ती घेऊन तडक बाजारात गेले. मावशीने सुरी पाण्यात बुडवली, हात पुसले, पान जवळ धरून पाहिलं. खालची ओळ मी वाचून दाखवली.

"लुगडा बरा दिसतो," ती म्हणाली.

"मावशी, अगं ते काय लिहिलंय ते ऐकलंस ना?"

"आयकला. लिवू दे त्यांना." तिने स्टीलची बाटली उचलली. तिच्यावरचं बोधचिन्ह घासून घासून निघून गेलं होतं. ती घटाघटा पाणी प्यायली. बाटली खाली ठेवून तिने मासळीची पाटी माझ्याकडे सरकवली आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मावऱ्यावर लक्ष ठेव जरा. आलेच."