कोरडी पुडी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी तारापूर एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला... वजन केल्याशिवाय घरच्या मिठावरही विश्वास न ठेवणारी बाई!

दांडी गावच्या महिला भजनी मंडळात मी पखवाज वाजवते. तो पखवाज आमच्या मुख्य गायिका जनाकाकींच्या यजमानांचा, नानांचा. ते जाऊन दोन वर्षं झाली. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या बाजूच्या कातड्याला, आधी ओली कणीक थापावी लागते, तरच भरदार ‘धुम्’ निघतो. नाहीतर नुसतं ठक् ठक्. मी कणीकसुद्धा वजनकाट्यावर मोजून नेते. मात्रा, तिहाया, सगळं तसंच मोजून. कधी चुकले नाही, आणि काकींची तक्रार नेमकी तीच!

“हात चोख हाय गो बाय तुजा, पन तू मोजत बसतेस. माज्याबरोबर येत नाय,” त्या म्हणाल्या. “या रविवारी बघते. नायतर शिरगावच्या उत्सवाला पुतण्याला बसवीन.”

मला रडू यायचंच बाकी होतं. त्या पखवाजावर माझा जीव आहे.

आणि नेमकं त्या रविवारी बोईसरला शेअर रिक्षाच मिळेना. पालघरहून वेळेत निघूनही पोचले तेव्हा भजनाची चारची वेळ टळून गेलेली, काकींनी सूर लावलेला. धावत जाऊन पखवाज पुढ्यात ओढला आणि सुरू केलं. काकी नानांच्या आवडीचा अभंग गात होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांचा गळा दाटला... मी मात्रा-बित्रा विसरले. एकच वाटत होतं, काकींचा सूर सुटू नये. डावा हात आपोआप पडत गेला आणि धुम् असा घुमला की बायका डोलायलाच लागल्या. काकी सावरल्या. डोळे मिटून शेवटपर्यंत गायल्या.

भजन संपलं. पुडीवरची कणीक काढून कोंबड्यांना टाकावी म्हणून बघते तर—पुडी कोरडी! कणकेचा एक ठिपका नाही. डबा माझ्या पिशवीत, झाकणसुद्धा न उघडलेला. मी पुडीवर थाप मारली. ठक्.

घाबरत काकींना सांगितलं. त्यांनी पुडीवर हात फिरवला. मग डोळे पुसत हसायलाच लागल्या.

“कुनाला बोलू नको हां! नायतर उद्यापासून कनीकच कोन मळनार नाय.” आणि पखवाजाची खोळ माझ्या मांडीवर ठेवली. “ने घरी. आता हा तुज्याकडंच राहू दे. शिरगावला तूच बसायचंस.”

घरी आणून मी कोरड्या पुडीवर दहा वेळा चाचणी घेतली. दहाही वेळा ठक्! मंडळातल्या एकीच्या मोबाइलवरच्या त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो धुम् अगदी स्वच्छ ऐकू येतो... का, ते मला आजही सांगता येत नाही.

काटा आता कपाटात ठेवलाय, कणीक अंदाजाने घेते. पण लावते मात्र न चुकता. नानांना किती वेळा त्रास द्यायचा!