रायबानं फिरवलेला निकाल

कापूरहोळच्या फाट्यावर, पंक्चरवाल्याला खेटून, रायबाचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन ग्राफिक्स कार्डांत सरस कोणतं, हे विचारायला भोर-वेल्ह्यातली माणसं त्याच्याकडे येतात. कुणाला गेम खेळायचे असतात, कुणाला लग्नाचे व्हिडिओ जोडायचे असतात. हे कार्ड म्हणजे कंप्युटरच्या पोटातला चित्रं रंगवणारा गडी. गडी तगडा असेल तर काम झटपट, नाहीतर बसा वाट बघत. इंटरनेटवर अशा तुलनांचा ढीग पडलाय. रायबा तो वाचतो आणि बाजूला सारतो.

त्याची रीत बापाकडून आलेली. बाप हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यात शेरडं राखतो. बाजारात विकणारा माणूस बोकडाला मीठ चारून, वर पाणी पाजून, पोट टम्म करून उभा करतो, हे ज्याला ठाऊक, तो पहिल्या नजरेवर दावं हातात घेत नाही. बाप बोकड चढावर चालवायचा आणि मग त्याचा दम बघायचा. रायबाही कार्ड आधी अर्धा तास तापू देतो. तोवरचा एकही आकडा धरत नाही. "पयल्या अर्ध्या तासात कुणीबी पळतंय," असं गिऱ्हाइकाला ऐकवतो, आणि ऐकवताना जरा जास्तच ताठ बसतो. बारा वर्षांत आपला निकाल कधी फिरला नाही, हेही तो न विचारता सांगायचा.

गेल्या एप्रिलात गुंजवण्याची वर्षाराणी दुकानात आली. पुण्याच्या एका ऑफिसात तिला नोकरी लागत होती, घरांच्या फिल्मा करायची. जे बंगले अजून बांधलेच नाहीत, त्यांत दारातून शिरून माडीवर फिरून आल्यासारखं दिसतं, तसल्या. नवरा टेम्पो घेऊन आठवडा-आठवडा बाहेर. घरात सासू पारूबाई आणि तीन वर्षांची लेक शिवानी. ऑफिसचं म्हणणं सरळ होतं: सकाळी अकराला पाठवलेलं काम पाचच्या आत परत आलं, तर घरी बसून करा, नाहीतर पुण्यात येऊन राहा. चाचणी शनिवारी होती.

"पुण्यात खोलीवर चार जणी राहतात," ती म्हणाली. "तिथं लेकरू कुठं ठेवू, दादा? ही माझा पदर धरल्याशिवाय झोपत नाही."

तिच्याकडे दोन कार्डं होती. एक चुलतभावाचं जुनं, तीन पंख्यांचं, विटेसारखं जड. दुसरं नवं, तळहातात मावणारं. दोन्हीतलं एक निवडून द्यायचं, एवढंच रायबाचं काम.

रायबानं दोन्ही कार्डांना एकच फिल्म करायला दिली. जुन्यानं ती तीन तास दहा मिनिटांत उरकली, नव्याला चार तास चाळीस मिनिटं लागली. वर्षाराणीच्या हातचं काम आधी दीड तासाचं. म्हणजे मशीनच्या वाट्याला साडेचार तास उरत होते. नवं कार्ड दहा मिनिटांनी हुकत होतं.

"जुनंच घ्या. डोळं झाकून," रायबानं निकाल दिला.

शुक्रवारी सकाळी तो स्वतः गुंजवण्याला गेला आणि माळ्यावरच्या कंप्युटरात जुनं कार्ड बसवलं. तसाच लगेच परतला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण पारूबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून तो दुपारपर्यंत थांबला, आणि ते बरं झालं. एकच्या सुमाराला खालच्या शेतातले पंप सुरू झाले. व्होल्टेज पडलं, माळ्यावरचा यूपीएस किंचाळला आणि कंप्युटर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. जुनं कार्ड कामाला दांडगं तसं विजेला अधाशी. नव्याच्या दुपटीहून जास्त वीज ओढायचं. फाट्यावरच्या दुकानात विजेची ददात नव्हती, त्यामुळे त्याचं हे खाणं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रायबानं वर्षाराणीला सतरा प्रश्न विचारले होते, पण मशीन ठेवणार कुठं, हा अठरावा राहूनच गेला.

वीज कंपनीवर ढकलणं सोपं होतं. सगळ्या गावानं मान डोलावली असती. रायबाच्या जिभेवर ते आलंही होतं. पण माळ्याच्या जिन्यावर शिवानीला कडेवर घेऊन उभी राहिलेली वर्षाराणी त्यानं पाहिली आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"ताई, चूक माजी हाय," तो म्हणाला. "तुमच्या घरात काय चालंल ते न बघताच म्या निकाल दिला. जुनं कार्ड हितं न्हाई चालायचं."

त्यानं नवं बसवलं. पंप चालू असतानाही ते काम करत राहिलं. अर्ध्या तासानं रायबानं आकडे बघितले आणि कपाळावरचा घाम पुसला. माळ्यावर डोक्यावर पत्रा, एप्रिलचं ऊन. कार्ड तापून मंदावलं होतं; ह्या चालीनं पाच तासही पुरले नसते.

"म्हणजे पुणंच," वर्षाराणी म्हणाली. तिनं शिवानीला खाली सोडलं आणि उगाच तिचा फ्रॉक नीट करत बसली.

रायबा खाली उतरला आणि भिंतींना हात लावत घरभर फिरला. मागची खोली सापडली. जाड मातीच्या भिंती, भाताच्या कणग्या, आणि कोपऱ्यात अंथरूण. आत पाय टाकताच गार वाटलं. दुकानातही डोक्यावर पत्राच होता; ह्या गारव्यात नवं कार्ड तिथल्याहून जलद चाललं असतं.

"ती सासूबाईंची खोली," वर्षाराणी हळूच म्हणाली. "तिथं नको. महिना झाला, ह्या नोकरीचं नाव काढलं की त्या गप्प होतात. त्यांना रुचत नाही."

पारूबाई दारातच होत्या. त्यांनी वाकळ गुंडाळली, काखोटीला मारली.

"म्या पडवीत निजंन," त्या म्हणाल्या. "ठिवा तितं तुमचं मशीन."

शनिवारी रायबानं दुकान बंद ठेवलं आणि गुंजवण्यात येऊन बसला. अकराला काम आलं. साडेबाराला वर्षाराणीनं आपलं हातचं काम संपवलं आणि मशीन सुरू झालं. पंप लागले, व्होल्टेज पडलं, यूपीएस कुरकुरला, पण मशीन थांबलं नाही. पावणेपाचला फिल्म तयार झाली. मग मोबाईलची रेंज खिडकीत सापडेना, अंगणात सापडली. चार छप्पन्नला फिल्म पुण्यात पोचली. थोड्या वेळानं ऑफिसचा फोन आला: सोमवारपासून घरूनच करा. वर्षाराणीनं फोन ठेवला आणि लेकीला पोटाशी धरून रडली. रायबाचेही डोळे भरले, आणि ते त्यानं लपवले नाहीत.

तो निघाला तेव्हा पारूबाई त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या.

"मावशी, माज्यापायी तुमची खोली गेली," तो म्हणाला.

"खोलीचं काय घिऊन बसलास," त्या म्हणाल्या. "मशीन चाललं नसतं, तर म्या शिवानीला घिऊन सुनंसंगं पुण्याला जाणार व्हते. महिनाभर त्येच मनात घोळत व्हतं, म्हणून तोंडातनं शबूद फुटत नव्हता. धरणापायी जुनं घर सोडलं, तवा आमाला कुणी इचारलं न्हाई. ह्या बारीला माज्या मनानं सोडलं असतं."